आईला फोन येतो

कादंबरीत:

आईने फोन ठेवला. मुलगी लंडनहून परत येणार नव्हती. पुढची चार पानं आईच्या मनात. इंग्लंडमधल्या समीक्षकांनी हीच चार पानं डोक्यावर घेतली होती.

पटकथेत:

स्वयंपाकघर. दिवस. आईला फोन येतो. ती खचते.

(दोन्ही शर्मिलाच्याच. बर्मिंगहॅममध्ये वाढली, आधी कादंबऱ्या, मग दुसऱ्यांसाठी पटकथा. दिग्दर्शन पहिल्यांदाच.)

हडपसरमध्ये, शूटिंगसाठी घेतलेल्या फ्लॅटमध्ये:

सकाळपासून हा सीन होत नाही.

"ताई, पुस्तक तुमचं, मान्य हाय," निर्माता विश्वजीत म्हणाला. "पण जेवणाआधी झालं न्हाय तर पिक्चर रविराज सर पुरा करतील. मालिका करून हात बसलाय त्यांचा. खाली गाडीत बसल्यात."

"बसू देत. पिक्चर मीच करणार."

आणि शर्मिला आईची भूमिका करणाऱ्या कुसुमताईंकडे वळली. "तुम्हाला राग आलाय. पण रागाखाली सुटका आहे, आणि त्या सुटकेची लाज, आणि..."

"अहो, एवढं मावायला चेहरा मोठा लागेल." कुसुमताई नारायण पेठेतल्या, नाटकात केस पिकलेल्या. "ते छापलंत ना आपण? वाचलं मी. आता हातांनी काय करू ते सांगा."

हात.

चार पानांत आईचे हात कुठेच नव्हते.

शर्मिलाने पटकथेतलं 'ती खचते' खोडलं.

"कुणीतरी मेथी आणा."

जुडी आली.

"तुम्ही मेथी निवडताय. फोन येतो. नंतरही निवडतच राहायचं. फक्त पानं कचऱ्यात, देठं पातेल्यात."

"आणि खचायचं कधी?"

"खचायचं नाही. उलटं चाललंय हे तुम्हाला कळतसुद्धा नाही."

कुसुमताईंनी पदर खोचला. "हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

चित्रपटात:

फोन. "बरं." थोड्या वेळाने पुन्हा, "बरं." पान कचऱ्यात. देठ पातेल्यात. पान. देठ. मग ती उठते, देठं धुते, पातेलं गॅसवर ठेवते. हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

"कट," शर्मिला म्हणाली.

विश्वजीत मॉनिटरपासून हलेना. मग त्याने फोन लावला. "सर, तुम्ही निघा. न्हाय, ताईच करतील." आणि तिच्याकडे वळून, "सेफ्टीला अजून एक टेक घ्या की."

"नको. लाइट गॅलरीत न्या. पुढचा सीन."