हॉबर्टच्या रायफलीची कबुली

मित्रांनो, मी आता एक जुनी रायफल आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, हॉबर्ट टॅकेट नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी, लोखंडी कपाटात बारा वर्षं उभी आहे. इतर वस्तू आपली हकीकत ऐटीत सांगतात. मला मात्र तोंड उघडायचीच लाज वाटते. पण गप्प राहणं त्याहून वाईट, म्हणून सांगते.

मी बाजारात आले तेव्हा माझी सगळी जातच नवी होती. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस मी आपसूक नळीत चढवते, आणि त्यातच माझा बराचसा धक्का जिरतो. नेव्हाबाईंच्या बंदुकांच्या दुकानात आठवडाभर माणसं मला नुसती बघायला येत. कुणी खांद्याला लावून खूश होई, कुणी नाक मुरडी.

"पहिल्या वर्षाची बंदूक घेऊ नये बाबा," हॉबर्टचा मित्र डेन्झिल म्हणाला. "कारखानेवाले आपल्यावरच प्रयोग करतात. थंडीत तेल गोठलं की बसेल रुसून!"

"तुझं काय जातंय बोलायला? तुझा खांदा धड आहे," हॉबर्ट म्हणाला.

हॉबर्टचा उजवा खांदा कोळशाच्या खाणीत निकामी झाला होता. जुन्या रायफलीचा धक्का त्याला सोसवत नव्हता. चाळीस वर्षं तो आणि डेन्झिल दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीसाठी एकाच लाकडी खोपटात उतरत. मी नीट चालले तर त्याची तिथली जागा टिकणार होती, नाहीतर त्याने घरी बसायचं. हे कळून मी अशी काही फुशारले होते, की आज आठवलं तरी कसंतरीच होतं.

शिकारीच्या पहिल्याच दिवशी, उजाडायच्या आत, तो मला घेऊन झाडावरच्या मचाणावर चढला. जुन्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं दार, हाताने हळूच लोटायचं असतं, हरणाला चाहूल लागू नये म्हणून. माझं दार मागे ओढून सोडून द्यायचं असतं. ते आपल्या जोराने धाडकन बसतं. हॉबर्टच्या हाताला चाळीस वर्षांचं वळण. त्याने तेही हळूच लोटलं. काडतूस आत गेलं, पण दार केसभर उघडं राहिलं, आणि दार घट्ट बसल्याशिवाय माझ्यातून गोळी सुटत नाही.

तासाभराने आठ फाट्यांच्या शिंगांचा नर समोर आला. इतका जवळ, की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. हॉबर्टने चाप ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. हरणाने मान वळवून पाहिलं आणि ते सावकाश निघून गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉबर्टने चिडून काडतुसांचं मॅगझिन उपसून खिशात कोंबलं. मॅगझिन निघालं म्हणजे बंदूक रिकामी, असं तो धरून चालला. आत चढलेलं एक काडतूस तसंच राहिलं.

खोपटात डेन्झिल शेगडीपाशी खुर्ची टाकून कॉफी पीत होता. सगळं ऐकून तो पोट धरून हसला. "सांगितलं होतं ना! आण आता तुझा शर्ट." ज्याची शिकार हुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकायचं, ही तिथली रीत. कात्री आणायला तो खुर्चीतून उठला.

"अरे, मी हुकलोच नाही! हिनेच दगा दिला. हे बघ, चापच चालत नाही," हॉबर्ट म्हणाला. आणि रागाने त्याने माझ्या दारावर तळहाताची थाप मारली. दार बसलं. त्याने चाप ओढला.

मित्रांनो, मी तेव्हा चालले. जंगलात ज्याच्यासाठी मला आणलं होतं ते मी केलं नाही, आणि खोलीत केलं. गोळी डेन्झिलच्या खुर्चीच्या पाठीतून, भिंतीतून आरपार गेली. दोन पावलं पलीकडे डेन्झिल कात्री घेऊन उभा होता. हॉबर्ट मला जमिनीवर ठेवून लहान मुलासारखा रडला. "डेन्झिल, मी तुला मारलं असतं रे! मारलंच असतं!" हे तो पुनःपुन्हा म्हणत होता.

त्या संध्याकाळी मी या कपाटात आले. पुढच्या नोव्हेंबरात डेन्झिल न्यायला आला, तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं मला ऐकू आलं.

"मी बंदूक हातात धरणार नाही," हॉबर्ट म्हणाला.

"नको धरूस. घेवडा शिजव. नाहीतरी तुझ्या बंदुकीपेक्षा माझा स्वयंपाकच जास्त माणसं मारतो."

हॉबर्ट हसला नाही, पण गेला. तेव्हापासून खोपटाच्या दारात तोच बसतो म्हणे. येणाऱ्या प्रत्येकाने मॅगझिन काढायचं, दार मागे ओढून धरायचं, आणि हॉबर्ट स्वतः आत करंगळी घालून बघणार. थोराथोरांची त्याच्यापुढे बोलायची टाप नाही.

लोक म्हणतात, चूक हॉबर्टची होती. असेलही. पण त्या क्षणी माझ्या पोटात काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. माझ्या जातीतल्या कुणालाच येत नाही. म्हणून एवढंच मागते, आम्हाला पुसून चकचकीत करू नका, मिरवू नका, कौतुकही करू नका. लहान असाल तर हातच लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि मोठे झालात, आम्हाला हाती घेतलंत, तर आम्ही रिकाम्या आहोत यावर कधीही विश्वास ठेवू नका.