मागचं डावं दार

चिंगीनं दुरुस्त होऊन आलेल्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर तळवा टेकवला, डोळे मिटून तो खालीवर फिरवला, पुन्हा फिरवला, आणि माघारी वळून ती घरात निघून गेली. त्या घटकेपासून तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

चिंगी सव्वीस वर्षांची. जन्मापासून एक शब्द बोललेली नाही. तिचे वडील शाळेत गणित शिकवत, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत, अगदी त्यांची बायकोसुद्धा रागावली की म्हणे. चिंगी लहान असताना एकदा तिनं रडून रडून आकांत केला होता, तेव्हा मास्तरांनी तिला गाडीत घातलं आणि आईनं तिथंच चार घास भरवले. ते जे सुरू झालं ते आजतागायत. घरात पंचपक्वान्नं मांडली तरी ती ढुंकून बघत नसे. गाडी चालू पाहिजे असंही नाही, फाटकाशी उभी असली तरी चाले. आधी दाराच्या पत्र्याला पडलेल्या जुन्या पोच्यावर तळवा ठेवायचा, मग आत बसायचं, मग दाराच्या आतल्या कापडाला नखांनी उकरून उकरून पाडलेल्या भोकात बोट घालायचं. बोट आत गेलं की तोंड उघडे.

गेल्या महिन्यात त्याच भोकात दाराच्या आतल्या पॅनेलची क्लिप तुटली आणि तिचं बोट चिरलं. तीन टाके पडले. मास्तर गाडी घेऊन वस्तादांकडे गेले. वस्ताद म्हणजे गाड्यांचं अंतरंग बदलण्यात आणि पोचे काढण्यात मुरलेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"उघडतोच आहोत तर सगळंच करून टाकू, मास्तर. छताचं कापड लोंबतंय, चारी दारांची पॅनेलं कामातून गेलीत. बाहेरचा पोचाही काढतो. तुमची गाडी तुम्हाला ओळखू येणार नाही."

हे शेवटचं वाक्य मास्तरांना फार आवडलं होतं.

काम दोन दिवस चाललं. ते दोन दिवस चिंगी जेवणाच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राही, मग थोडं दूध पिऊन आडवी होई. ती वाट बघत होती. गाडी आली आणि मग तेही बंद झालं. ओठ ओले केले तर चमचाभर पाणी आत जाई, बाकीचं हनुवटीवरून ओघळे. मास्तरांनी नव्या पॅनेलला ब्लेडनं भोक पाडून पाहिलं. तिनं बोट घातलं, त्याची कडक कड तिला लागली, आणि तिनं स्वतःचं मनगट कडकडून चावलं.

गाडी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. "उद्यापर्यंत बघू," ते म्हणाले, "मग मात्र नाकातून नळी घालावी लागेल."

नळी एकदा घातली होती. दोन्ही हात पलंगाला बांधावे लागले होते, आणि नंतर चार महिने चिंगीनं आईला अंगाला हात लावू दिला नव्हता.

डॉक्टर गेल्यावर आई म्हणाली, "अहो, चांगलं करायला गेलात, कळतंय मला. पण मला एकदा विचारायचं तरी होतं."

मास्तर तसेच चप्पल अडकवून गाडी घेऊन वस्तादांकडे गेले.

"जुनी पॅनेलं?" वस्ताद म्हणाले. "ती भंगारवाल्यानं उचलली. का, कामात काही खोट राहिली का?"

"खोट नाही हो. तेच तर झालंय." मास्तर टायरांच्या ढिगावर बसले. फळ्यासमोर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला चार वाक्यं धड जुळवता येईनात. पण वस्तादांना कळलं. त्यांनी हात पुसले आणि दुकानाचं शटर ओढलं.

भंगारवाल्यानं दूरच्या भंगाराच्या एका डोंगराकडे बोट दाखवलं. "प्लास्टिक सगळं तिकडे. अर्धं गेलं परवा."

दोन माणसं भर उन्हात तो डोंगर उपसत राहिली. बंपर, तुटके डॅशबोर्ड, कोणाकोणाची दारं. मास्तरांचे हात सोलवटले. एकदा त्यांना वाटलं सापडलं, तर ते दुसऱ्याच गाडीचं निघालं, आणि ते पॅनेल छातीशी धरून ते तसेच उभे राहिले. वस्तादांनी ते हळूच काढून घेतलं. दोन तासांनी एक तुकडा मिळाला. पॅनेल मधून मोडलेलं, खालचा भाग गायब, पण कापड होतं. आणि कापडात ते भोक होतं, कडा लोकरीसारख्या मऊ झालेलं.

दुकानात परतल्यावर वस्तादांनी तो कापडाचा चौकोन कापला, मागची धारदार क्लिप काढून टाकली आणि तो नव्या पॅनेलवर चिकटवला. मग रबरी हातोडा घेऊन ते दारासमोर बसले.

"पोचा नेमका कुठे होता?"

मास्तरांना सांगता येईना. वीस वर्षं गाडी त्यांची, आणि त्यांना सांगता येईना. त्यांनी घरी फोन लावला. आईला आठवावंही लागलं नाही. "हँडलच्या खाली चार बोटं. माझ्या तळव्याएवढा. खालची कड जास्त दबलेली."

"आयुष्य गेलं पोचे काढण्यात," वस्ताद पुटपुटले, आणि त्यांनी स्वतःच्याच रंगावर हातोडा घातला. तिसऱ्या ठोक्याला नवा रंग तडकला.

ऊन उतरताना गाडी फाटकाशी आली. वस्तादही सोबत आले होते. चिंगीला आईनं काखेत हात घालून आणलं, पायांत जोरच नव्हता. तिनं तळवा पोच्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग ती आत बसली, भोकात बोट घातलं. आईनं चमचा पुढे केला.

ओठ मिटलेलेच. चिंगीनं मान वर केली, नाक आक्रसलं आणि ती कण्हू लागली.

"संपलं," मास्तर म्हणाले.

"थांबा. वास येतोय तिला," वस्ताद म्हणाले. "छताला कापड चिकटवायचं अख्खा डबा सोल्यूशन लावलंय मी." त्यांनी चारी दारं उघडली, पुढच्या सीटवर गुडघा टेकवला आणि दोन्ही हातांनी छताचं कोरं कापड टरकावलं. टर्रर्र करत ते मागपर्यंत फाटत आलं. चिंगीनं कण्हणं थांबवलं. ती त्या आवाजाकडे बघत राहिली. वस्तादांनी उरलेलं जरा सावकाश फाडलं, तिला ऐकू यावं म्हणून.

गाडीतून वारा फिरला. बऱ्याच वेळानं आईनं पुन्हा चमचा नेला. पाणी आत गेलं आणि बाहेर आलं नाही. मग दूध. सहा चमचे झाले, सातव्याला तिनं मान फिरवली आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकलं.

मास्तरांनी डॉक्टरांना फोन केला. "सहा? सकाळी परत कळवा," ते म्हणाले. "नळीचं तेव्हा ठरवू."

मास्तर फाटकाशी जमिनीवरच बसले होते. आई चिंगीला हलवायला तयार नव्हती, म्हणाली, उशी आणून द्या, आम्ही इथेच बसतो. वस्ताद रस्त्यावर पडलेलं छताचं कापड गोळा करून त्याची घडी घालत होते.