दुसऱ्याच्या वहीत

कार्ड पुण्याहून आलं होतं. सात ओळींचं. शरदिनीनं ते जिन्यात वाचलं आणि जिन्यातच बसली.

"कोणाचं गं?" आतून अण्णांनी विचारलं.

अण्णा म्हणजे तिचे सासरे, काशीनाथशास्त्री. काशीच्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांची ही उपाध्येपणाची चौथी पिढी. दोन्ही डोळे काचबिंदूनं नेलेले. त्यामुळे घरात येणारं प्रत्येक अक्षर शरदिनीच्या तोंडूनच त्यांच्यापर्यंत जायचं, अगदी विजेचं बिलसुद्धा. म्हणजे आत्ता ती म्हणू शकली असती, की सोलापूरहून कोणी यजमान येताहेत. काहीही म्हणू शकली असती.

"वासुदेव रिसबूड," ती म्हणाली. "पत्नीच्या अस्थी घेऊन येताहेत. पुढच्या गुरुवारी."

आत पाट सरकल्याचा आवाज.

"आपले रिसबूड? कस्तुरीवाले?"

"हो."

"अगं मग बसलीस काय! वरची खोली झाडून घे!"

*

कस्तुरी कोण, ते आधी सांगायला हवं.

कस्तुरी ही खरी बाई नव्हे. पुण्याच्या एका मासिकात रिसबूड दर महिन्याला तिची गोष्ट लिहायचे. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसणारी बाई. सगळ्या गावाचं बोलणं तिच्या कानांवरून जातं. ती कोणाचं कोणाला सांगत नाही, पण कोणाचं अडलेलं काम मात्र हळूच सोडवून टाकते. नऊ वर्षं हे चाललं होतं. अण्णा तिच्याबद्दल बोलायचे ते सख्ख्या भाचीबद्दल बोलावं तसं.

मग त्र्याण्णवच्या जूनचा अंक आला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं होतं, "पंडितजी, अब रोशनी नहीं लौटेगी." अण्णा चार दिवस नीट जेवले नव्हते. पाचव्या दिवशी म्हणाले, "निदान कस्तुरी तरी वाच." शरदिनी वाचत गेली. कस्तुरीला कावीळ झाली होती. शेवटच्या परिच्छेदात ती मेली. खाली छापलं होतं: समाप्त.

शरदिनीनं तो परिच्छेद वाचला नाही. कागदाकडे बघत ती म्हणाली, "चौथ्या दिवशी कस्तुरीचा ताप उतरला. तिनं पेज मागितली."

"मग मलाही दे थोडी," अण्णा म्हणाले.

एवढंच. एका वाटीभर पेजेसाठी. पण पुढच्या महिन्यात अंक आल्यावर अण्णा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "हं." त्या "हं"पुढे शरदिनीचा इलाज चालेना.

तेव्हापासून एकोणतीस महिने झाले. सात लाल वह्या. अण्णांचा हात लागला तर अंकच लागावा, म्हणून अंकाच्या आत वही धरून ती वाचायची.

*

सांगायचं ते, खर्डा पहिला (भांडी घासताना):
रिसबूडसाहेब, माझी एक चूक झाली आहे.
— एक? एकोणतीस.

खर्डा दुसरा:
तुम्ही तिला मारलंत, म्हणून मी—
— बायकोच्या अस्थी घेऊन येणाऱ्या माणसाला हे म्हणायचं?

खर्डा तिसरा:
कुठं छापलं नाही, कोणाला दिलं नाही, स्वतःचं नाव लावलं नाही.
— नाव लावलं नाही कसं? त्यांचं लावलं. दर महिन्याला "लेखक, वासुदेव रिसबूड" असं वाचूनच सुरुवात केली.

*

"टेन्शन कशाला घेतेस?" देवव्रत, तिचा नवरा, बँकेत निघताना म्हणाला. "घरातल्या घरात वाचलंस. कौन-सा डाका टाकलास?"

"तू बँकेत दुसऱ्याची सही करतोस?"

तो मफलर शोधायला लागला. मफलर त्याच्या गळ्यातच होता.

तिला भीती रिसबूडांची होतीच, पण त्याहून जास्त त्या लोखंडी ट्रंकेची होती. ट्रंकेत लाल फडक्यांत बांधलेल्या लांबट वह्या होत्या, एकेका कुळाच्या. काशीला आलेला यजमान आपल्या हातानं त्यात लिहायचा: कोण आलं, कोण जन्मलं, कोण गेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात अण्णांनी ट्रंक उघडून तिला सांगितलं होतं, "सूनबाई, आपण राखणदार. दुसऱ्याच्या वहीत आपला कानामात्रादेखील नाही. कोणी चुकीचं लिहिलं तरी खोडायचं नाही. त्याच कुळातल्यानं खाली दुरुस्ती लिहायची, सही करायची. आपण फक्त दौत पुढे सरकवायची."

आता त्याच अण्णांपुढे तो माणूस बसणार होता. आणि अण्णा बोलणार होते. अण्णा न बोलता राहिले असते तर गंगा उलटी वाहिली असती.

*

गुरुवारी रिसबूड आले. हडकुळा, उंच माणूस. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. हातात पांढऱ्या कापडात बांधलेला लहानसा कलश. तो त्यांनी जमिनीवर ठेवला नाही, मांडीवर घेऊनच बसले.

"अडीच वर्षं कपाटात होता," ते म्हणाले. "नेतो नेतो म्हणत राहिलो. गीता एक्स्चेंजातच होती, शास्त्रीबुवा. संध्याकाळी यायची, सांगायची, मी लिहायचो. छापून आल्यावर वाचून दाखवलं की म्हणायची, मी असं म्हटलंच नव्हतं."

चहाचा पेला घेऊन शरदिनी दारात उभी होती. म्हणजे कस्तुरी ती हीच. म्हणजे जूनचा अंक. म्हणजे कावीळ. पेला त्यांना देऊन तिनं बशी पोटाशी धरली.

"पण नंतरचं तुमचं लिखाण, वा!" अण्णा म्हणाले. "नंतर तुमची लेखणी जास्त मोकळी झाली. ते दोन भावांचं!"

रिसबूडांनी मान वर केली. "दोन भावांचं?"

"अकरा वर्षं बोलत नव्हते ते. कस्तुरी चुकून जोडल्यासारखं करून दोघांच्या लाइनी जोडते. दोघेही 'हॅलो, कोण?' 'हॅलो, कोण?' करत बसतात, आणि हिला हसू फुटतं. मग ही काय करते, कानावरचा हेडफोन काढून टेबलावर पालथा घालते, म्हणजे हसू तारेत जाऊ नये! काय सुचलं हो तुम्हाला!"

चहाचा पेला रिसबूडांच्या ओठांपाशी थांबला. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"नीट आठवत नाही मला," ते सावकाश म्हणाले. "आणखी सांगा."

अण्णांनी तासभर सांगितलं.

*

खर्डा चौथा:

नाही. चौथा लिहिलाच गेला नाही. जिन्यात रिसबूडांनी फक्त हात पुढे केला आणि तिनं कोठीतल्या तांदळाच्या डब्यामागून सातही वह्या काढून दिल्या.

दुपारभर वरच्या खोलीतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. शरदिनीनं भाजीत दोनदा मीठ घातलं. लेक ऋचा शाळेतून आली, एक घास खाऊन म्हणाली, "मम्मी, समुद्र आहे का हा?" आणि शेजारी पळाली.

चार वाजता त्यांनी हाक मारली. वह्या ओळीनं लावलेल्या होत्या.

"बोर्डावर बसल्यावर कोणी चहा पीत नाही," ते म्हणाले. "सांडला तर अख्खा तालुका मुका होईल."

"हो."

"आणि ती अय्या म्हणत नाही. कधीच म्हटलं नाही. ही बाई पानोपानी अय्या म्हणते."

"हो."

"हो काय हो!" त्यांचा आवाज चिरकला. "माझी बायको गेली. तिच्यासारखं बोलायला मला जमेना, म्हणून मी कस्तुरीला संपवलं. लेखणी ठेवली. आणि तुम्ही इथं बसून तिला बोलायला लावता? दर महिन्याला? माझ्या नावानं? कोणाला विचारलंत?"

गीताताईंना तुम्ही विचारलं होतंत का, हे वाक्य शरदिनीच्या जिभेवर आलं. ते तयारी केलेल्या वाक्यांपैकी नव्हतं. तिनं ते गिळलं. खरं होतं म्हणूनच गिळलं.

"कोणालाच नाही," ती म्हणाली.

ते खिडकीकडे वळले. खाली कोणी ओल्या पायांनी पायऱ्या चढत होतं.

"ते हेडफोन पालथा घालण्याचं," ते म्हणाले. "कुठून आणलंत?"

"सुचलं."

"मी कधी लिहिलं नव्हतं ते."

"माहीत आहे. तुमचा प्रत्येक भाग मला पाठ आहे."

ती खाली आली.

*

शुक्रवारी सकाळी देवव्रतनं त्यांना नावेतून नेलं, विधी सांगितला. ते परत आले तेव्हा हात मोकळे होते आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं.

अण्णांनी रिसबूडांच्या कुळाची वही मागवली. शरदिनीनं लाल फडकं सोडलं, पान काढलं, दौत पुढे सरकवली. वासुदेवांनी लिहिलं: सौ. गीता. गाव. तिथी. सही.

"झालं?" अण्णांनी विचारलं. "आता एक सांगा, उपाध्याचा हट्ट समजा. पुढच्या महिन्यात कस्तुरीचं काय होतं?"

रिसबूड तिच्याकडे बघत नव्हते. ते खोटं बोलणार होते. दयेनं बोलणार होते, आणि बायकोचं नाव लिहिलेल्या पानाची शाई अजून ओली होती.

"अण्णा," ती म्हणाली. "कस्तुरी त्र्याण्णवच्या जूनमध्ये गेली. नंतरचं सगळं मी लिहिलं."

अण्णांचा चेहरा आधी हसरा राहिला, ऐकू न आल्यासारखा. मग हळूहळू उतरला.

"पेज?"

"तीही."

"दोन भाऊ?"

"तेही."

शेवटी अण्णा म्हणाले, "मला फसवलंस त्याचं मी बघून घेईन. आंधळ्याला सगळेच थोडंफार फसवतात. पण दुसऱ्याच्या वहीत लिहिलंस, सूनबाई? या घरात राहून?"

तिनं दौत आपल्याकडे ओढून घेतली.

"वह्या आण," अण्णा म्हणाले. "फाडायचं नाही, खोडायचं नाही. ज्याचं कुळ तो खाली लिहील. लिहा, वासुदेवराव. जे असेल ते लिहा."

तिनं सातही वह्या आणल्या. सातवीतलं शेवटचं भरलेलं पान काढलं. दौत पुढे सरकवली. रिसबूडांनी लेखणी हातात घेतली. मग लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि पिशवी खांद्याला अडकवून उठले. अण्णांच्या पाया पडले. दारातून बाहेर पडताना शरदिनीसमोर थांबल्यासारखं झालं, पण थांबले नाहीत.

"काय लिहिलंय?" अण्णांनी विचारलं.

तिनं वही उचलली. अडीच वर्षं या जागी बसून तिनं कागदाकडे बघत दुसरंच वाचलं होतं. आत्ताही वाचता आलं असतं. तिनं जे होतं तेच, अक्षर न् अक्षर वाचलं:

"वरील मजकूर माझा नाही. त्याला माझी संमती नव्हती व नाही. तिसरी वही, पान एकेचाळीस, येथे हेडफोन पालथा घालून ती हसते. तेवढी गीता आहे. वासुदेव रिसबूड."

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. खाली घाटावर कोणाची तरी नाव खुंटाला घासत होती.

"पुढं लिहू नकोस," ते म्हणाले.

"नाही."

शरदिनी वह्या गोळा करू लागली. सहा झाल्या. तिसरी घेणार तोच अण्णांनी चाचपडत हात पुढे केला आणि त्या वहीवर तळवा ठेवला.

"एकेचाळीस काढ," अण्णा म्हणाले. "आणि वाचताना त्यांचं नाव घेऊ नकोस."