चढ्या सुराची घंटा

मी बोलतेय ती परीक्षकांच्या टेबलावरची घंटा. शाळा सुटल्यावर वाजते ती मोठी, लोंबती घंटा वेगळी. मी वाटीएवढी, पालथी, डोक्यावर बटण असलेली. बटण दाबलं की 'टिंग'. एवढंच माझं बोलणं. आज मात्र जरा जास्त बोलणार आहे, कारण अकरा वर्षं मी एका संगीतशाळेत लोकांचे गुण खाल्ले आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

एखाद्याला काही येत नसलं की तुम्ही लोक म्हणता, 'याला घंटा येतंय!' पूर्वी फार वाईट वाटायचं. आता तेवढं वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळी पत्रा यंत्राखाली गेला, धाडकन दाबला गेला आणि मी बाहेर पडले. आत एक स्प्रिंग बसवली, एक इवलीशी हातोडी बसवली. शेवटी तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. यंत्रांचा आवाज सहन होत नाही म्हणून त्यांनी कानात कापसाचे बोळे घातलेले असायचे. त्यांनी मला एकदा दाबलं, हातोडी हललेली पाहिली आणि म्हणाल्या, "वाजते. पुढची."

झाली माझी परीक्षा. पास. माझा सूर कुठला, हे मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

आधी मी एका लॉजच्या काउंटरवर होते. माणूस मला एकदा दाबून थांबत नाही, हे मी तिथे शिकले. मॅनेजर हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेला दिसत असला, तरी तीनदा दाबणार, आणि तिसऱ्यांदा जरा रागाने. पुढे लॉज बंद पडलं. सामान विकायला काढलं तेव्हा संगीतशाळेच्या कारकूनबाई कपाट बघायला आल्या होत्या. कपाट घेतलं आणि म्हणाल्या, "ही घंटापण टाका त्यात, परीक्षेला होईल."

अशी मी संगीतात आले. आमच्याकडे बऱ्याच जणांची सुरुवात अशीच झालेली आहे, त्यामुळे मला त्याची लाज वाटत नाही.

शाळा एका लॉन्ड्रीच्या वर होती. खालून इस्त्रीची गरम वाफ यायची. परीक्षेच्या खोलीत एक पियानो, एक टेबल, दोन खुर्च्या. दाराबाहेर एक बाक. टेबलामागे परीक्षक बसायचे. सगळी मुलं त्यांना 'साडेचार सर' म्हणायची. प्रत्येक विषय दहा गुणांचा, पास व्हायला पाच लागायचे, आणि सर समोरच्याच्या डोळ्यांत बघून शांतपणे साडेचार लिहायचे. माणूस वाईट नव्हता. आपल्या हातून चुकून कुणाला अर्धा गुण जास्त जाईल, या काळजीने त्यांना पोटदुखी जडली होती. टेबलाच्या खणात गोळ्यांची पट्टी असायची.

पहिल्या परीक्षेचे तीन भाग होते. पाठांतर, ताल आणि सूर. सुराची परीक्षा कशी घ्यायची, हे एका छापील कागदावर लिहिलेलं होतं. पियानोवर अमुक पट्टी दाबावी. दहा सेकंद शांतता पाळावी. मग घंटा वाजवावी. घंटेनंतर विद्यार्थ्याने तोच सूर गावा.

सर हे सगळं घड्याळ लावून करायचे. पियानो वाजायचा, दहा सेकंद जायचे, मग माझी 'टिंग', मग मुलाचा सूर. आणि सुराच्या त्या एका परीक्षेत निम्मी पोरं आडवी व्हायची.

आता माझी बाजू ऐका. पियानोचा तो सूर आणि माझा सूर जवळजवळ एकच होता. जवळजवळ. मी पाव सुराने चढी होते. माझ्या मते पियानोच उतरलेला होता, पण तो अंगाने मोठा, त्याच्याशी कोण भांडणार? तर व्हायचं असं, की ज्याचा कान चांगला, तो दहा सेकंद सूर मनात धरून बसायचा, आणि गायच्या ऐन वेळी त्याच्या कानावर मी आदळायचे. त्याचा सूर आपोआप माझ्याकडे सरकायचा. सर मान हलवायचे आणि कागदावर लिहायचे, 'सुराचे ज्ञान नाही.'

मग पास कोण व्हायचं? घोकून आलेले. कागदावरची पट्टी कधी बदलली नाही, त्यामुळे शिकवणीवाल्यांना ती पाठ झाली होती. त्यांची मुलं जिन्यापासूनच तो एक सूर नाकात घोळवत वर यायची. पियानो ऐकायची नाहीत, मला ऐकायची नाहीत, खालून बंब गेला असता तरी ऐकला नसता. तोंड उघडून पाठ केलेला सूर सोडायची. दहापैकी नऊ!

पाचेक वर्षांपूर्वी या खोलीत ड्रायव्हरकाका आले. बत्तीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेले, वय एकसष्ट. बाकावर दोन्ही बाजूंना आठ-नऊ वर्षांची पोरं आणि मध्ये हे, गुडघ्यांवर हात ठेवून. बाकाच्या टोकाला त्यांची बायको, मांडीवर लोकरीचं विणकाम. काकूंना संगीतातलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच दर वेळी सांगायच्या.

"या वयात परीक्षा कशाला देताय?" सरांनी विचारलं.

काका म्हणाले, "सर, शाळेत असताना समूहगीत होतं. बाईंनी मला सांगितलं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. तेव्हापासून मी ओठच हलवतोय. पोरांच्या वाढदिवसालासुद्धा. आपण खरंच बेसूर आहोत का, एवढं एकदा कळलं की मी मोकळा."

सरांनी पट्टी दाबली. दहा सेकंद. टिंग. काकांनी डोळे मिटून सूर लावला, आणि तो सूर इतका तंतोतंत माझा होता की मी आतून थरथरले. सरांनी तीन गुण दिले.

सहा महिन्यांनी काका पुन्हा आले. तीन. पुन्हा आले. साडेतीन. चौथ्यांदा तीन. पाठांतर उत्तम, ताल कसाबसा पाचावर, सूर नापास. दर वेळी कागद हातात घेऊन ते 'सुराचे ज्ञान नाही' ही ओळ वाचायचे, मान डोलवायचे, "बरं सर" म्हणायचे. एकदा दारातून बाहेर पडताना बायकोला म्हणाले, "अगं, बाईंचं बरोबरच होतं म्हणायचं." काकूंचे टाके मोजायचे चालले होते.

पाचव्या खेपेला काका गाऊन झाले, सरांनी पेन उचललं, आणि दार उघडून काकूच आत आल्या. हातात विणकाम तसंच, लोकरीचा गुंडा मागून जमिनीवर घरंगळत येतोय.

"बाई, परीक्षा चालू आहे," सर म्हणाले.

"हो ना. पण कुणाची चालू आहे, तेच कळेना," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं त्या बाकावर बसतेय मी. आतून पियानो वाजतो, मग ही बया वाजते, आणि मग सगळे हिच्यासारखं गातात. यांना नापास करता का हिला?"

"अगं, जाऊ दे, चल तू," काका कानकोंडे होऊन म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. बत्तीस वर्षं हॉर्न वाजवलात आणि एका घंटेपुढे मान खाली घालताय!" काकूंनी टेबलावर वाकून मला दाबलं. टिंग. "हं, गा."

काकांनी सूर लावला.

"आता सर, तुम्ही पियानो वाजवा."

सर वाजवणार नव्हते. पण संगीताच्या माणसाला 'वाजवा' म्हटलं की त्याचा हात जातोच. पट्टी दाबली गेली. पियानोचा सूर खाली, काकांचा वर, आणि माझा शेवटचा रेंगाळणारा आवाज काकांच्या बरोबरीने. खोलीत तिघांचं ते भांडण स्पष्ट ऐकू आलं.

सरांनी मला दाबलं. पट्टी दाबली. पुन्हा मला दाबलं. मग खणातून गोळी काढली, पाण्याशिवाय गिळली आणि मला उचलून स्वतःच्या रुमालात गुंडाळलं. पुढचं सगळं मी रुमालातून ऐकलं.

सरांनी वेगळीच एक पट्टी दाबली. दहा सेकंद गेले. टेबलावर बोट आपटल्याचा आवाज आला. काका गायले. बरोबर. दुसरी पट्टी. बरोबर. मग चढत्या, उतरत्या, मधल्या काळ्या. एकदा काका म्हणाले, "सर, ही पट्टी जरा सैल आहे का? चढावर गाडी ओढतात तसा आवाज येतोय." ती पट्टी खरंच उतरलेली होती. सर मोठ्याने हसले. अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

"सुरात नऊ," सर म्हणाले. "काका, तुमचा कान माझ्यापेक्षा बरा आहे. शाळेतल्या त्या बाईंचं चुकलं. माझं त्याहून जास्त चुकलं."

काकांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"झाले ना मग पास?" काकूंनी विचारलं.

"तालाची परीक्षा राहिली."

ती झाली. सरांनी ठेका दिला, काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिसऱ्या आवर्तनापासून काका पुढे आणि ठेका मागे. मग पेन कागदावर फिरलं.

"किती?" काकू.

"साडेचार."

"अहो सर! अर्धा गुण! एवढं सगळं झाल्यावर?"

"काकू, नाही देता येणार," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका केविलवाणा होता की मलाच वाईट वाटलं.

पण काका हसायला लागले. "असू दे गं. ताल माझा कच्चाच आहे. ब्रेक कधी दाबायचा हे बत्तीस वर्षं रस्ता ठरवायचा. हा साडेचार माझा स्वतःचा आहे. द्या सर, इकडे तो कागद." आणि ते जिन्यावरून उतरले ते मोठमोठ्याने गात. लॉन्ड्रीतले लोक इस्त्री उभी करून बघत राहिले, असं कारकूनबाई नंतर सांगत होत्या.

मला रुमालातून बाहेर काढलं, तेव्हा आत आली दोन वेण्यांची एक मुलगी, शिकवणीची. सरांनी नवी पट्टी दाबली. तिने छाती भरून जुना सूर लावला आणि सर्टिफिकेटसाठी हात पुढे केला.

संचालिकाबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. घंटा बदला आणि विषय संपवा. अकरा वर्षांचे निकाल चुकले म्हणून सांगणार का आपण? शाळेचं नाव काय राहील?"

सर म्हणाले, "मग नापास कोणाला म्हणायचं, त्यांना की आपल्याला?"

"तुम्ही घंटेचं फार मनाला लावून घेता," बाई म्हणाल्या.

सरांनी जुने कागद कपाटातून काढले. बाकी सगळ्यांत पास आणि फक्त सुरात नापास, असे दोनशे सतरा जण निघाले. प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: 'आपला सूर चुकला नव्हता. आमची घंटा चुकली होती. इच्छा असल्यास पुन्हा या.' घंटा चुकली! मी काय स्वतःहून वाजत होते? बोट कुणाचं होतं? पण त्या पत्रांवर मीच वजन म्हणून बसले होते, त्यामुळे तोंड मिटून घेतलं.

साठेक पत्रं परत आली, पत्ता बदललेला. काही जणांनी उत्तरं पाठवली. एकाने लिहिलं, आता मी दातांचा डॉक्टर आहे, पेशंट आ करतात तेव्हा त्यांचा सूर मी ओळखतो. एक गृहस्थ नुसते ओरडायला आले, अर्धा तास ओरडले आणि हलके होऊन गेले. बरेच जण परीक्षा द्यायला आले. ड्रायव्हरकाका तालासाठी अजून येतात. काकू बाकावर विणकामाच्या सुया एकमेकींवर आपटून त्यांना ठेका देतात आणि चुकले की सुई टोचतात.

मी आता दाराबाहेरच्या खिडकीत असते. स्प्रिंग गंजलीय, बटण आत बसलं की वर यायला वेळ लावतं. येणारीजाणारी पोरं मला दाबतात. काही जण माझा सूर लावून बघतात, मग आत पळत जाऊन पियानोशी ताडून बघतात. 'अजून चढीच आहे' म्हणून ओरडत येतात. निर्लज्ज कार्टी.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, खांद्यावर बाळ. हातात सरांचं पत्र. बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. सर बाहेर आले, म्हणाले, "या ना, लगेच घेतो परीक्षा."

"नको," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांची असताना नापास झाले होते. त्यानंतर मी कधी गायले नाही. हिच्यासाठीसुद्धा नाही, मोबाइलवर लावून देते. मला फक्त विचारायचं होतं, हे खरं आहे ना?"

"खरं आहे," सर म्हणाले. मग आत गेले आणि दार हळूच लोटून घेतलं.

बाळ किरकिरायला लागलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बाक रिकामा होता. त्यांनी तोंड बाळाच्या कानाशी नेलं आणि गुणगुणायला सुरुवात केली. आधी नुसती हवा, मग आवाज. मध्येच घसरला, त्यांनी तो सावरून घेतला. बाळ गप्प झालं, तरी त्या थांबल्या नाहीत.

दार आतून जरासं उघडं होतं. फटीतून सर दिसत होते. सवयीने पेन उचललेलं होतं त्यांनी. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

एवढंच सांगायचं होतं. जिन्यावर पावलं वाजतायत, कुणीतरी येतंय. आलात तर खुशाल दाबा मला, पण एकदाच. मला ऐकू येतं.