आधी समोरच्याची बाजू

लाँड्रीत सगळ्याजणी तिला वकीलबाई म्हणायच्या. खरं तर वकील व्हायला अजून एक वर्ष बाकी होतं. पहाटेपासून इस्पितळाच्या चादरींना इस्त्री मारायची, दुपारी तोंडावर पाणी मारून सरकारी लॉ कॉलेज गाठायचं आणि रात्रीचं जेवता जेवता आईला सगळं ऐकवायचं, असं तिचं चाललं होतं. फी आवाक्यात होती म्हणून चाललं होतं. आणि आता कॉलेजच्या खजिनदारांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं की फी तिप्पट करायची.

तिप्पट! वकीलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटचं वर्ष तोंडावर आलेलं आणि तिप्पट फी भरायची म्हणजे तिला कॉलेजला रामराम ठोकावा लागणार होता. बरं, वकिली ही काही तिची हौस नव्हती. तिच्या बाबांनी दोन खोल्यांसाठी उभं आयुष्य कोर्टात घालवलं. दर वेळी घरी येऊन पायातल्या चपला काढत एकच सांगायचे, "तारीख मिळाली." खोल्या मिळायच्या आधीच ते गेले. त्या 'तारीख' शब्दाचा वकीलबाईला इतका तिटकारा की दाताच्या डॉक्टरलासुद्धा ती "कधी येऊ" एवढंच विचारायची.

फीचा निर्णय कॉलेजच्या व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीत व्हायचा होता आणि विद्यार्थ्यांतर्फे बोलायला हिलाच निवडलं होतं. आता या कॉलेजची एक जुनी खोड होती. इथे कुणीही काही मागायला उभं राहिलं, की आधी समोरच्याची बाजू मांडायची. तीसुद्धा अशी, की समोरच्याने मान डोलवावी. मगच आपलं घोडं दामटायचं. कुणा जुन्या प्राचार्यांनी घालून दिलेली पद्धत. बाकीचे सगळे ती दोन वाक्यांत उरकायचे, "समोरच्यांचं म्हणणं असं असं आहे, असो," की झालं. पण ही पडली प्रामाणिक. हिने ते मनावर घेतलं.

कितीतरी दिवस ती खजिनदारांच्या बाजूने अभ्यास करत होती. लाँड्रीत वाफेच्या ढगात, इस्त्री फिरवत फिरवत, तिने ते सगळं भाषण बायकांना म्हणून दाखवलं. चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी ऐकता ऐकता हळहळल्या.

"अगं बाई, मग वाढवू दे की बिचाऱ्यांना फी!"

वकीलबाई खूश झाली. खूश! तिथेच कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता, पण सुचेल तर शपथ.

बैठकीच्या खोलीत लांबच लांब टेबल, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर ओल. मधोमध अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, शेजारी खजिनदार आणि बाकीचे सभासद. शेजारच्या खोलीत जेवणाची ताटं मांडल्याचा आवाज येत होता आणि सगळ्यांचे कान तिकडेच होते.

वकीलबाई उभी राहिली आणि सुटलीच. ग्रंथालयाचं छप्पर गळतं, पुस्तकांवर बादल्या ठेवाव्या लागतात. चांगले शिक्षक खाजगी कॉलेजवाले पळवतात आणि आपण बघत बसतो. नुसती फी कमी ठेवून शिकवणं रद्दी ठेवलं, तर ती गरिबांची थट्टाच नाही का? खजिनदार आधी मान डोलवू लागले, मग चक्क वही काढून तिची वाक्यं उतरवून घेऊ लागले. त्यांना स्वतःला यातलं निम्मंसुद्धा सुचलेलं नव्हतं.

ती पाणी प्यायला थांबली. तेवढ्यात अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली.

"वा! मुलांचंच म्हणणं हे असेल तर प्रश्नच मिटला. फीवाढ मंजूर. चला, जेवून घेऊ."

भराभर खुर्च्या सरकल्या.

"अहो, थांबा! माझी बाजू राहिली!" वकीलबाई किंचाळली.

"लेखी द्या," खजिनदार म्हणाले.

"इतकं सुरेख बोललात," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "आता उगाच बिघडवू नका."

काय म्हणावं या माणसांना! जन्म गेला कायद्यात, आणि भुकेपुढे सगळा कायदा विसरले. आणि स्वतःला तरी काय म्हणावं? पायावर कुऱ्हाड तिने स्वतःच मारून घेतली होती, तीही इतके दिवस धार लावून. वकीलबाई धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, एवढी वर्षं न्यायाधीश होतात. एकाच बाजूचं ऐकून कधी निकाल दिलात?"

अध्यक्ष थबकले. ताटांकडे त्यांनी एकदा डोळे भरून पाहिलं, मोठा सुस्कारा सोडला आणि परत जाऊन बसले. बाकीचेही चरफडत बसले.

आता बोलायचं, आणि वकीलबाईला पाठ केलेला एकही मुद्दा धड वाटेना. आधी बोललेलं सगळं खरंच तर होतं. तिला स्वतःचाच इतका संताप आला की कागद बाजूला सारून ती बोलली.

"छप्पर गळतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कॉलेज सरकारचं आहे, सरकारशी भांडा. मी येते तुमच्याबरोबर, माझ्या लाँड्रीतल्या सगळ्या बायका आणते. पण मला एवढं सांगा, तुमची बाजू मी इतके दिवस खपून शिकले. माझी बाजू तुमच्यापैकी कुणी शिकलंय? आजवर दोन वाक्यांतच उरकलीत ना? फी तिप्पट करा, पुढच्या वर्षी माझ्यासारखी एकही इथे दिसणार नाही. मग दोन्ही बाजू तुम्हीच मांडा आणि तुम्हीच माना डोलवा!"

खजिनदारांनी वही मिटली.

"पण मग छपराचं काय?" ते पुटपुटले. आवाजात मघाचा जोर नव्हता.

"हे आज काही ठरत नाही," अध्यक्ष म्हणाले.

आज ठरलं नाही तर मघाची मंजुरीच कायम राहील का? वकीलबाईच्या तोंडून निघून गेलं, "मग तारीख द्या, साहेब."

बोलली आणि तिने जीभ चावली. अध्यक्षांचा चेहरा मात्र खुलला. आयुष्यभराची सवय ती.

"तारीख! बरोब्बर. मघाची मंजुरी मागे. पुढच्या वर्षी याच सुमाराला दोन्ही बाजू नीट ऐकू. तोवर जुनीच फी. आता जेवू द्याल का, बाई?"

घरी येईपर्यंत वकीलबाई स्वतःवर धुसफुसत होती. जिंकली नाही, हरली नाही, आणि मागितलं काय तर तेच, ज्याने बाबांचा जीव घेतला. आई दाराशीच वाट बघत उभी होती.

"काय झालं गं?"

चपला काढत ती म्हणाली, "तारीख मिळाली."

आईचा चेहरा पडला. हा शब्द तिने याच दारात, याच सुरात जन्मभर ऐकला होता.

"केव्हाची?"

"पुढच्या वर्षीची. तोवर जुनीच फी. बघ ना आई, शेवटी मीपण त्या तारीखवाल्यांतलीच झाले."

आई आत गेली, ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली.

"म्हणजे त्या तारखेला," ती म्हणाली, "आपला वकील घरचाच असेल."

वकीलबाईचा घास हातातच राहिला.