तिचं नाव तेवढं राहू द्या

पेंटरकाका शिडीवरून पडले, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि त्यांच्या कपाटाचा वरचा कप्पा पहिल्यांदाच लेकीच्या हाती लागला. वय साठीला टेकलं तरी दुकानांच्या पाट्या रंगवायला शिडीवर चढायची हौस काही फिटत नव्हती! दवाखान्यासाठी कागद हवे होते म्हणून लेकीने कप्पा उपसला, तर आतून निघाली आयुर्विम्याची पॉलिसी.

"बाबा, हे काय?" ती पॉलिसी नाचवतच बाहेर आली. "नॉमिनी म्हणून अजून आईच?"

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"आईला जाऊन सहा वर्षं झाली, बाबा! उद्या तुम्हाला काही झालं, तर कंपनी आईला शोधणार कुठे?"

"बघू गं नंतर. आधी पाय तर बरा होऊ दे."

बघू नंतर! मंडळी, हे दोन शब्द आपल्या घराघरांत कायमच्या मुक्कामाला आहेत. पण काकांचं दुखणं नुसतं आळसाचं नव्हतं. काकू गेल्यावर एकेका कचेरीने त्यांचं नाव खोडलं. मतदार यादीतून गेलं, बँकेतून गेलं, घराच्या कागदांवरून गेलं. दोघांची नावं अजून एकत्र होती ती या एकाच कागदावर. हप्त्याचा दिवस आला की काका पॉलिसी काढायचे, चष्मा पुसायचे आणि काकूंच्या नावावरून हळूच बोट फिरवायचे. लोकांच्या पाट्यांवरची जुनी नावं त्यांनी आयुष्यभर सपासप रंगाखाली घातली होती. या एका नावाला हात लावायचा मात्र धीर होत नव्हता. तिची आठवण अशी यायची, की स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी "अगं, लागलं का?" असं तोंडातून निघून जायचं.

लेक कसली ऐकतेय! प्लास्टर निघालं आणि दुसऱ्याच दिवशी तिने काकांना काठीसकट विमा कंपनीच्या कचेरीत आणून बसवलं.

"काका, एका पानाचा फॉर्म आहे," काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम."

"मॅडम, तिचं नाव तेवढं राहू द्या. मुलगी माझी एकुलती एक. जे काही मिळायचं ते तिलाच मिळणार ना?"

"मिळेल हो, पण कधी? नॉमिनी हयात नसला की आम्हाला कोर्टाचा वारसाचा दाखला लागतो. तो हातात पडेपर्यंत घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो."

तेवढ्यात बाकावर शेजारी बसलेली एक बाई बोलली. शिवणकाम सोडून तशीच आली असावी, गळ्यात अजून टेप होता.

"काका, मध्येच बोलते, रागावू नका. माझ्या नवऱ्यानेही असंच केलं. पॉलिसी लग्नाआधीची, नॉमिनी सासूबाई. त्या गेल्या, तरी नाव तसंच. मग तोही गेला. चौदा महिने झाले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवतेय."

"ओढाताण होत असेल, ताई."

"ती सोसते मी. दुसरंच सोसत नाही." ती टेपचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "माणूस फार चांगला होता हो. शिट्टी वाजवत जिना चढायचा. वाटलं होतं, निदान शांतपणे रडू त्याच्यासाठी. पण सवडच नाही! आज हा कागद, उद्या तो शिक्का. आता त्याची आठवण आली की आधी रागच येतो. मला त्याची शिट्टी आठवायचीय, काका, आणि आठवतात नुसते फॉर्म!"

काकांना एकदम काकू आठवल्या. आजारपणात काकू धडपडत उठून बँकेत गेल्या होत्या आणि आपल्या खात्यावर नॉमिनी म्हणून काकांचं नाव लावून आल्या होत्या. "एवढी काय घाई झालीय तुला?" म्हणून काका केवढे ओरडले होते! काकू हसून म्हणाल्या होत्या, "रांगेत उभं राहायचं म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून आत्ताच उरकलं." त्या गेल्यावर बँकेचं काम पंधरा मिनिटांत झालं होतं. घरी येऊन काका तिच्या खुर्चीत बसून पोटभर रडले होते. या सहा वर्षांत ते काकूंसाठी झुरले, पण एकदाही त्यांना तिचा राग आला नव्हता.

अरे देवा! आपल्याला शांतपणे रडता आलं, ही तर तिनेच करून ठेवलेली सोय! आणि आपण लेकीसाठी काय ठेवून चाललो होतो? चकरा, शिक्के आणि बापाचा राग?

"आणा तो फॉर्म!" काका एवढ्या जोरात म्हणाले, की मॅडम दचकल्याच.

लेकीचं नाव त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. लेकीने आपल्या ओळखपत्राशी नाव आणि जन्मतारीख दोनदा ताडून पाहिली, मग काकांनी सही केली. मॅडमनी पोचपावती हातात दिली तेव्हा काकांचे डोळे भरून आले होते. लेकीने बापाचा हात धरून ठेवला.

पण काका लगेच निघाले नाहीत. काठी टेकत पुन्हा बाकावर, त्या ताईंशेजारी जाऊन बसले.

"कुठलं गाणं वाजवायचा हो तो शिट्टीवर?"

ताईंनी चमकून पाहिलं. मग त्या रडता रडताच हसल्या. "कुठलं गाणं कसलं, काका! सूर म्हणून नव्हता मेल्याला!"

मंडळी, तुमच्याही कपाटात असा एखादा कागद असेल. आजच काढा. त्यावर कुणाचं नाव आहे, ते माणूस हयात आहे का, नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते बघा. चूक असेल तर आठवड्याच्या आत दुरुस्त करून घ्या. पैसा तर त्यात आहेच. पण आपल्या माघारी आपल्या माणसांना आपल्यासाठी नीट रडता यावं, एवढी सोय करून जाणं हे आपल्या हातात आहे.