मापाची सायकल

कल्याणीच्या पोटात दुखत होतं ते सायकलवरून नाही, गाडीच्या मागच्या सीटवरून.

तिचा नवरा इंद्रजीत खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायचा. दिवाळीनंतर त्याच्या डोक्यात फिक्सीचं खूळ शिरलं. फिक्सी म्हणजे फ्रीव्हील नसलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवायची सोय नाही. गिअर नाही, कॅरियर नाही, आणि अस्सल शौकिनांच्या मते ब्रेकसुद्धा नाही.

"म्हणजे उपयोगाचं होतं नव्हतं ते सगळं काढून टाकायचं आणि वर जास्त पैसे घ्यायचे," कल्याणी म्हणाली होती. "हुशार आहेत हो कंपनीवाले."

बिबवेवाडीच्या फ्लॅटचा हप्ता दोघांच्या मानगुटीवर बसलेला. दहा हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं. नवी फिक्सी त्याच्या तिपटीला. मग जुनी शोधणं आलं, आणि शोधायला जाणकार माणूस बरोबर पाहिजे, तर कोण? उत्कर्षा!

ही उत्कर्षा त्याच्याच टीममधली. बारीक कापलेले केस, स्वतःची फिक्सी, आणि बोलणं असं की जणू सायकलचा शोध हिच्याच घरी लागला. दर रविवारी सकाळी ती यायची, इंद्रजीतच्या गाडीवर मागे बसायची आणि दोघं निघायचे. जुना बाजार पालथा घालून झाला, भंगारवाले झाले, कॅम्पातली दुकानं झाली. सायकल काही मिळत नव्हती, कल्याणीचे रविवार मात्र जात होते. लग्नाआधी त्याच सीटवर बसून ती खडकवासल्याला कणीस खायला जायची. आता ती बाल्कनीत उभी राहून वाळत घातलेले टॉवेल उगाच पुन्हा झटकायची.

"तूही चल ना," इंद्रजीत एकदा म्हणाला.

"तिघं बसू का एका गाडीवर? चौकातल्या ट्रॅफिकच्या मामांची तेवढीच सोय होईल."

घरी आला की पुन्हा तेच पुराण. उत्कर्षा म्हणते स्टीलचीच घ्यावी, उत्कर्षा म्हणते गंज लागला तरी हरकत नाही.

"भाजी कुठली करू, ते नाही का म्हणाली काही?" कल्याणीनं विचारलं. तो हसला. त्याला विनोद वाटला, बिचाऱ्याला!

दोघांत तसलं काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचा फोन घरभर उघडा पडलेला असायचा. पण ठाऊक असून काय उपयोग? जळायचं ते जळतच होतं.

कल्याणी खालच्या गाळ्यात ब्लाऊज शिवायची. एका बुधवारी मांजरी गावच्या तुळजाबाई माप द्यायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या पुतण्याची रेसची सायकल हाय गोठ्यात पडल्याली. त्यो गेला मिलिट्रीत. तिचं पायडल थांबतच न्हाई बघा. कोन चालवनार असली?"

कल्याणीच्या हातातली टेप तिथंच थांबली. सायकल मिळाली की शोध संपला, आणि शोध संपला की रविवार आपले! तिनं दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता मांजरी गाठली.

तुळजाबाईंच्या मालकांनी, हिंमतरावांनी, पोतं बाजूला केलं. खाली लाल सायकल होती, जराशी गंजलेली, पण ऐटदार.

"बसून बघा की," ते म्हणाले.

तिनं ओढणी कमरेला खोचली, सायकल भिंतीला टेकवून वर बसली. पाय अगदी बरोबर पोचत होते, हात बरोबर हँडलवर. झकास! पिको-फॉलच्या मशीनसाठी साठवलेले आठ हजार तिनं तिथंच मोजले आणि सायकल टेम्पोत घालून आणली. त्या रात्री तिला कित्येक आठवड्यांनी गाढ झोप लागली.

रविवारी उत्कर्षा आली, तेव्हा कल्याणी दोघांना पार्किंगमध्ये घेऊन गेली आणि चादर ओढली. "झाला शोध, आठ हजारांत. आता घरी बसा."

इंद्रजीत वेडाच झाला. "अगं, ओरिजिनल आहे ही! कुठं मिळाली?" टांग मारून बसला, आणि त्याचे गुडघे हँडलला थडकले. सीट वर घेतली, तरी तेच.

"फ्रेम लहान आहे रे तुला," उत्कर्षा हळूच म्हणाली. "दोन साइझ तरी."

"सायकलला माप असतं?" कल्याणीच्या तोंडून निघून गेलं. सकाळ-संध्याकाळ गळ्यात टेप घालून फिरणारी बाई, आणि सहा फुटी नवऱ्यासाठी स्वतःच्या मापाची सायकल घेऊन आली होती!

इंद्रजीतनं उत्कर्षाकडं बघितलं. उंचीला ती कल्याणीएवढीच. "तुला परफेक्ट बसेल बघ. तूच घे की. आठ हजार देऊन टाक हिला. माझी आपण शोधू पुढच्या रविवारी."

कल्याणीच्या अंगाचा नुसता भडका उडाला. आपलं मशीन गेलं, रविवार गेले, आणि वर सायकलही हिलाच?

"ही माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी? तू चालवणार?" इंद्रजीत खदखदून हसला.

उत्कर्षा हसली नाही. "वहिनी, पाय अजिबात थांबवू नका हं," एवढंच म्हणाली.

कल्याणी शाळा सुटल्यापासून सायकलवर बसली नव्हती. पण आता माघार घेईल ती कल्याणी कसली! गेटपर्यंत झोकात गेली. पुढं उतार लागला, सायकल पळायला लागली, आणि जुन्या सवयीनं तिनं पाय थांबवले. पायडलनं तिला उचलून फेकलं. सायकल एकीकडं, ती एकीकडं. कोपर सोलवटलं, गुडघ्यातून कळ मस्तकात गेली.

दोघंही धावत आले. उत्कर्षा तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली, स्वतःच्या ओढणीनं कोपर दाबून धरत म्हणाली, "फार लागलं का हो? हात हलवून बघा बरं."

कल्याणीनं तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडं बघितलं. इंद्रजीतनं सायकल उभी केली होती. एक डोळा मिटून तो पुढचं चाक गरागरा फिरवून बघत होता.

"नशीब," तो म्हणाला, "रिम वाकली नाही."

एवढे सगळे रविवार आपण भलतीवरच जळत होतो, हे कल्याणीला तेव्हा कळलं. तिनं उत्कर्षाचा हात धरला आणि लंगडत उठली.

"चल गं, वर जाऊन चहा घेऊ," ती म्हणाली. "त्याचं चालू दे."